पाच खुणांचा अर्ज

नववीच्या पहिल्या घटक चाचणीनंतरच्या सोमवारी, ऑगस्टमध्ये, नाशिकमधल्या एका खासगी अनुदानित शाळेने माझ्या भाचीचा गणित विषय बंद केला. दहावीच्या परीक्षेला तिने बीजगणित आणि भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित द्यायचं, असा अर्ज शाळेने तयार केला होता. त्यावर तिच्या आईची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची, सही होती. सही घेताना अर्ज कसला आहे हे बहिणीला एका शब्दात सांगण्यात आलं होतं: "सवलतीचा." ते खरं होतं.

भाची तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला वाचता येत नव्हतं असं म्हणणं चुकीचं होईल. ती वाचायची, पण वर्गातली बाकीची मुलं धडा संपवायची तेवढ्या वेळात तिचा एक परिच्छेद व्हायचा. जोडाक्षर आलं की थांबायची. ओळ सुटायची, मग तीच ओळ पुन्हा वाचायची. लिहिताना अक्षरं जागा बदलायची. तिसरीतल्या बाईंनी तिला आळशी म्हटलं. पाचवीत "लक्ष नसतं" असा शेरा आला. सातवीत प्रगतिपुस्तकावर "मुलगी गोड आहे" असं लिहून आलं. शाळा एखाद्या मुलीला गोड म्हणू लागली की तिच्याकडून काही अपेक्षा उरलेली नाही, असं समजायला हरकत नसते.

आठवीत बहिणीने तिला सरकारी रुग्णालयात नेलं. तीन खेपा झाल्या. अहवाल चार पानांचा होता. तिसऱ्या पानावर चाचण्यांचा तपशील होता आणि त्याखाली एक वाक्य: आकृत्या, मोजमाप आणि संख्या यांत या मुलीची क्षमता तिच्या वयाच्या मुलांपेक्षा बरीच वरची आहे, या विषयांत तिला जास्त अवघड काम द्यावं. चौथ्या पानावर निष्कर्ष होता: वाचन आणि लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता. शाळेने चौथ्या पानाची झेरॉक्स काढून फायलीला लावली. तिसरं पान शाळेत कोणी वाचल्याचा पुरावा मला कधी मिळाला नाही.

मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काम करत होतो. रविवारच्या पुरवणीतलं नऊ बाय नऊ चौकटींचं अंककोडं माझ्याकडे होतं. ते बाहेरून उत्तरासकट तयार यायचं, मी पानात बसवायचो. भाची सातवीत असताना एका रविवारी आमच्याकडे आली, पेन्सिलीने कोडं सोडवत बसली आणि म्हणाली, "मामा, याला दोन उत्तरं आहेत."

"एकच असतं," मी म्हणालो.

"असायला पाहिजे. पण याला दोन आहेत."

तिने दोन्ही उत्तरं कागदावर काढून दिली. मी तपासली. दोन्ही बरोबर होती. दुसऱ्या दिवशी संपादकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती फोन आले?" एकही आला नव्हता. "मग सोड," ते म्हणाले. कोड्याच्या वर दोन ओळींची सूचना छापलेली असायची. ती भाचीने कधी वाचली नव्हती. तिला गरज पडली नव्हती. पुढची दोन वर्षं ती दर रविवारी कोडं तपासून द्यायची आणि मी ते घरी आलेल्या पाहुण्यांना गंमत म्हणून सांगायचो. त्याचा यापलीकडे काही उपयोग मला सुचला नाही.

शाळेत एक संसाधन कक्ष होता. विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीची ही खोली जिन्याखाली होती. पूर्वी तिथे लेझीम आणि जाळ्या ठेवत. भाचीला आठवड्यातून तीन तास तिथे पाठवायचं ठरलं. हे तास कुठल्या विषयातून काढायचे, यावर शिक्षकांची बैठक झाली. मराठीच्या बाई म्हणाल्या, माझ्या विषयात ती आधीच कच्ची आहे. विज्ञानाच्या बाईंना प्रयोगवही पुरी करून घ्यायची होती. गणिताच्या सरांनी आपले तास लगेच देऊन टाकले. अशा रीतीने वाचनाची अडचण असलेली मुलगी वाचनाच्या तासाला वर्गात आणि गणिताच्या तासाला जिन्याखाली बसू लागली.

जिन्याखाली मणी ओवायचं काम असे. विशेष शिक्षिका चांगल्या स्वभावाच्या होत्या. शाळेत त्यांच्याबद्दल सगळे एवढीच माहिती देत. पालकसभेला त्यांनी बहिणीला भाचीने ओवलेली माळ दाखवली. पांढऱ्या मण्यांत अधूनमधून लाल मणी होते. "मध्येमध्ये अंतर चुकलंय तिचं," शिक्षिका म्हणाल्या, "पण रंगसंगती किती छान आहे बघा." बहिणीने ती माळ घरी आणली. मी मणी मोजले. लाल मणी दुसरा, तिसरा, पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा, सतरावा आणि एकोणिसावा होता. अंतर कुठेही चुकलं नव्हतं. मूळ संख्या जिथे येतात तिथेच लाल मणी होते.

"बाईंना सांगितलंस का?" मी भाचीला विचारलं.

"त्यांनी विचारलंच नाही. मामा, जिन्याखालच्या खिडकीतून आमच्या वर्गाचा फळा अर्धा दिसतो. उजवी बाजू दिसते, डावी नाही दिसत. मी डावी बाजू अंदाजाने लावते."

तिला दहावीनंतर पूल बांधायचं शिकायचं होतं. हे ती पाचवीपासून सांगत होती आणि तेव्हापासून सगळे त्यावर "अरे वा" म्हणत होते. गणित सुटलं की अकरावीची विज्ञान शाखा नाही आणि पुढचं तंत्रशिक्षणही नाही. अर्जावरच्या एका खुणेने एवढं होणार होतं. बहिणीला हे कळलं ते सही केल्यानंतर आठवड्याने, शेजारच्या इमारतीतल्या एका मुलाच्या आईकडून.

त्याच आठवड्यात बहिणीचे मोठे दीर देवळ्याहून आले होते. त्यांनी चहा पिता पिता निकाल दिला. "लय लाडावून ठेवली तुम्ही. सातवीचं तर सातवीचं, पास व्हईल ना पोरगी? तिला काय कलेक्टर करायचंय?"

"कलेक्टर नाही, पूल बांधायचाय," भाची म्हणाली.

"आधी पुस्तक वाच धड."

माझे मेव्हणे सातपूरला एका कंपनीत कामाला आहेत. ते मोठ्या भावासमोर बोलत नाहीत.

शाळेत बहिणीबरोबर मी गेलो. ओळख पत्रकार म्हणून करून द्यायची नाही, असं आमचं ठरलं होतं. मुख्याध्यापिकांच्या खोलीत क्लार्कला बोलावण्यात आलं. त्याने फाईल पुढे केली. अर्जावर पाच सवलती छापलेल्या होत्या: लेखनिक, वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुका माफ, तिसऱ्या भाषेऐवजी कार्यानुभव आणि गणिताऐवजी अंकगणित. पाचही चौकोनांत बरोबरच्या खुणा होत्या. भाचीचं नाव निळ्या शाईत होतं. खुणा करड्या होत्या. मी कागद खिडकीकडे धरला. खुणा झेरॉक्समधून आलेल्या होत्या.

"हे आधीच भरलेलं आहे," मी म्हणालो.

"नाही हो, नाव आत्ता भरलं," क्लार्क म्हणाला. "टिका मास्टर कॉपीवर आहेत. प्रत्येक मुलाला पाच पाच टिका कोण मारत बसणार?"

"मास्टर कॉपी कोणाची?"

"मागे एक मुलगा होता. त्याचा अर्ज एका फटक्यात पास झाला, एक क्वेरी नाही आली. तोच ठेवलाय जपून."

बहीण म्हणाली, "अहो, त्या मुलाला गणित जमत नसेल. हिला जमतं."

"ताई, सवलत घ्यायची तर पूर्ण घ्या. अर्धवट घेतली की वरून विचारणा होते."

मुख्याध्यापिका इतका वेळ सह्या करत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला एक सांगा. एकीकडे तुम्ही मुलीला अक्षमता आहे म्हणून सर्टिफिकेट आणता आणि दुसरीकडे ती हुशार आहे म्हणता. दोन्ही कसं चालेल? काहीतरी एक ठरवा तुम्ही."

"मॅडम, चष्मा लागलेल्या मुलीला तुम्ही पळायचं नाही म्हणून सांगता का?" बहिणीने विचारलं.

"चष्म्याचं वेगळं असतं," मुख्याध्यापिका म्हणाल्या. कसं वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी अठ्ठावीस वर्षं शिकवलं होतं, हे मात्र दोनदा सांगितलं.

मी तिसरं पान टेबलावर ठेवलं. त्यांनी ते वाचलं नाही, क्लार्ककडे दिलं. क्लार्कने ते फायलीत सगळ्यात खाली लावलं. मग गणिताच्या सरांना बोलावण्यात आलं. सरांचं म्हणणं असं होतं की मुलीची उत्तरं बरोबर येतात, पण पायऱ्या नसतात, आणि मार्क पायऱ्यांना असतात. घटक चाचणीत त्यांना कॉपीचा संशय आला होता. म्हणून त्यांनी तिला एकटीला शेवटच्या बाकावर बसवलं होतं. तरीही उत्तरं बरोबर आली. तेव्हा त्यांनी मार्क दिले नाहीत आणि वहीत "संशयास्पद" असं लिहिलं.

"मग तोंडी घ्या तिची परीक्षा," बहीण म्हणाली. "आमच्यासमोर घ्या."

तीन दिवसांनी, मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत ही परीक्षा झाली. मुख्याध्यापिका, सर, विशेष शिक्षिका, बहीण आणि मी असे सगळे एका लांब टेबलाभोवती बसलो. भाचीला टेबलाच्या टोकाला उभं करण्यात आलं. चहा आला. तो तिच्याशिवाय सगळ्यांना देण्यात आला.

"प्रश्न पुस्तकातला नाही," सर मला म्हणाले. "आकडे मी स्वतः बदललेत. पाठ करून आली असेल तर लगेच कळेल." मग तिच्याकडे वळून, "त्रिकोणाच्या तीन बाजू आहेत. सात, नऊ आणि अठरा सेंटिमीटर. क्षेत्रफळ काढ. कागद हवा का?"

"नको. सर, असा त्रिकोण होत नाही."

"तुला क्षेत्रफळ विचारलंय."

"हो, पण होतच नाही. सात आणि नऊ मिळून सोळा होतात. खाली अठराची पट्टी ठेवली की वरची दोन टोकं एकमेकांना लागणारच नाहीत."

"सूत्र येतं का?"

"येतं."

"मग सूत्रात घाल ना."

"घालून काय करू सर? वर्गमुळाच्या आत वजा येईल."

सरांनी पेन काढलं आणि स्वतः कागदावर मांडणी केली. अर्धपरिमिती सतरा. सतरातून सात गेले, दहा. नऊ गेले, आठ. सतरातून अठरा वजा करायच्या जागी पेन थांबलं. मी त्यांच्या शेजारी होतो, कागद मला दिसत होता. त्यांनी तो दोनदा दुमडला आणि खिशात ठेवला.

"उत्तर देत नाहीये मॅडम," ते म्हणाले. "वाद घालते नुसती."

मुख्याध्यापिका अतिशय मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळा, येत नसेल तर येत नाही म्हणावं. कोणी रागावणार नाही तुला."

"मला येतं मॅडम. त्या त्रिकोणाला येत नाही."

विशेष शिक्षिका हसल्या. मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी हसू थांबवून चहाचा कप उचलला. ते हसू ही त्या दिवशी भाचीच्या बाजूने शाळेने केलेली एकमेव कृती.

दहा मिनिटांत आमच्या हातात टाइप केलेलं पत्र आलं. या शाळेचं दुसरं कुठलंही पत्र मला दहा मिनिटांत मिळालेलं नाही. त्यात लिहिलं होतं: "विद्यार्थिनीने तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास नकार दिला. सबब सवलत कायम ठेवण्यात यावी."

"सर, तुमच्या खिशातला कागद जोडता का याला?" मी विचारलं.

"कुठला कागद?" सर म्हणाले.

बहीण दुसऱ्या दिवशी परीक्षा मंडळाच्या कार्यालयात गेली. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज पाहिला आणि विचारलं, "गणित का सोडताय?" बहिणीने सांगितलं. "मग खोडा की," त्या म्हणाल्या. "ही सवलत आहे, सक्ती नाही. नको असलेली खोडा, शेजारी सही करा, शाळेचा शिक्का आणा." हे सगळं पाच-सहा मिनिटांत झालं. पाच-सहा मिनिटांचं हे काम शाळेत कोणाला माहीत नव्हतं, कारण मास्टर कॉपीवर कधी कोणी खोडाखोड केली नव्हती.

शिक्का मिळायला अकरा दिवस लागले. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या. मॅडम होत्या, शिक्का कपाटात होता. कपाट होतं, किल्ली उपमुख्याध्यापकांकडे होती. ते वणीला दर्शनाला गेले होते. त्या अकरा दिवसांत गणिताचे सहा तास झाले. ते भाचीने खिडकीतून अर्ध्या फळ्यावर केले. बाराव्या दिवशी मुख्याध्यापिकांनी अट घातली: मुलगी गणितात नापास झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही, असं आईने लिहून द्यावं.

बहिणीने तिथेच उभ्याने लिहून दिलं. कागद परत देताना तिने विचारलं, "आणि पास झाली तर जबाबदार कोण, तेही लिहू का मॅडम?"

शिक्का बसला. पाचव्या चौकोनातली करडी खूण निळ्या पेनाने खोडलेली होती आणि शेजारी सही होती. भाची गणिताच्या तासाला वर्गात बसू लागली. जिन्याखालचे तिचे तास चित्रकलेतून काढण्यात आले.

डिसेंबरमध्ये दिव्यांग दिनाचा कार्यक्रम झाला. भाचीसह सहा मुलांना मंचावर बसवलं होतं. प्रमुख पाहुण्यांनी प्रत्येकाला एक गुलाबाचं फूल आणि खडूच्या रंगांची पेटी दिली. पेटीवर "वय ३ ते ६" असं छापलेलं होतं. पाहुणे म्हणाले, देव एक दार बंद करतो तेव्हा या मुलांना दुसरी एखादी देणगी देतो. देणगी कोणती, हे त्यांनी सहांपैकी कोणालाही विचारलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, आमच्या शाळेने अशा एका विद्यार्थिनीला पूर्ण गणित घेण्याची संधी उपलब्ध करून दिली आहे. टाळ्या झाल्या. गणिताच्या सरांनीही वाजवल्या.

कार्यक्रमाची बातमी संध्याकाळी आमच्या डेस्कवर आली. छायाचित्रासह दोन कॉलम. शीर्षकात "जिद्द" हा शब्द होता. पान माझ्याकडे होतं. मी एक काना दुरुस्त केला आणि बातमी लावली. असल्या बातम्या मी वीस वर्षं लावत होतो. त्यांतल्या एकाही मुलाला काय येतं, हे बातमीत लिहिलेलं नव्हतं आणि मी कधी वार्ताहराला फोन करून विचारलं नव्हतं.

भाचीने रंगांची पेटी पाहुण्यांच्या लहान मुलीला देऊन टाकली.

दहावीच्या परीक्षेला लेखनिक खालच्या वर्गातला असावा लागतो. शाळेने आठवीतली एक मुलगी दिली. तिने द्विघात समीकरण तोवर पाहिलंही नव्हतं. आधीचे दोन महिने भाची तिला रोज संध्याकाळी आमच्या घरी बसवून चिन्हं कशी लिहायची ते शिकवत होती. गणिताचा दुसरा पेपर सुटल्यावर ती लेखनिक मुलगी फाटकाशी बहिणीला म्हणाली, "काकू, ही ना आकृती बघून आधी उत्तरच सांगते. मी म्हटलं, अगं, पायऱ्या सांग, माझा हात थांबलाय. मग हिने मागून पुढे सांगितल्या. शेवटची पायरी पहिली."

"मग लिहिलंस कसं?" बहिणीने विचारलं.

"खालून वर जागा सोडत सोडत."

वाढीव वेळातला काही वेळ उरला होता. भाचीने त्या वेळात पेपर पुन्हा वाचून घेतला नाही. बाहेर येऊन तिने गोळा खाल्ला.

निकाल लागला. गणितात तिचे गुण शाळेतल्या पहिल्या पाचांत होते. मराठीत ती काठावर पास झाली. शाळेने फाटकावर फ्लेक्स लावला. वरच्या रांगेत "गुणवंत विद्यार्थी" होते, त्यात गणितात तिच्याहून कमी गुण असलेले नऊ चेहरे होते. खालच्या रांगेत, छोट्या चौकटींत, "दिव्यांग विद्यार्थी" होते. तिचा फोटो खालच्या रांगेत होता. मेव्हण्यांनी फ्लेक्सचा फोटो काढून देवळ्याला पाठवला. तिकडून अंगठा आला.

जूनमध्ये बहिणीला शाळेत दाखला आणायला जायचं होतं. मीही गेलो. क्लार्कच्या टेबलावर नववीत गेलेल्या दोन मुलांचे अर्ज होते. नावं निळ्या शाईत होती. पाचही चौकोनांतल्या खुणा करड्या होत्या. मी क्लार्कला म्हणालो, या मुलांच्या आयांना पाचवी खूण वाचून दाखवा. तो म्हणाला, "दाखवतो की." त्याने दाखवली का, हे मला समजू शकलेलं नाही.

अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भाचीने स्वतः भरला. बहीण शेजारी बसून मजकूर वाचून दाखवत होती. शाखेपुढे तिने विज्ञान निवडलं. दिव्यांग आहात का, या प्रश्नापुढे तिने "होय" निवडलं. त्याखाली हव्या असलेल्या सवलतींची यादी उघडली. सगळे चौकोन रिकामे होते. प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती, या चौकोनात तिने खूण केली. बाकीचे तिने रिकामे ठेवले आणि अर्ज पाठवला.